विहिरीवरच्या सातजणी

सिरसाळा
१२ जुलै १९९२

अलमास,

सलाम घे आणि कानात बोळे घाल, कारण आज मी ओरडणार हाय. सहा-दोन, सहा-एक! बघितलंस का विम्बल्डनला तुझ्या मोनिकाचं काय झालं? गेल्या महिन्यात ती पॅरिसला जिंकली तेव्हा तू केवढं मोठं पत्र लिहून मला डिवचलं होतंस. "रुद्रे, तुझ्या स्टेफीचे दिवस भरले." भरले का गं? आता ते पत्र चुलीत घालते.

आणि हो, इथं सिरसाळ्यात बसून सगळं बघितलं. ह्यांनी घरावर मोठी छत्री बसवलीय, गावभर वायरी ओढल्यात. सासऱ्यांचं खताचं दुकान एकीकडं आणि आमच्या सोमेश्वररावांचा केबलचा धंदा एकीकडं. सासूबाई, म्हणजे आमच्या सारजाबाई, जाता-येता पडद्याकडं बघतात. काल म्हणाल्या, "चेंडूवर कावून एवढा राग काढत्यात ह्या बाया? नवरे लई तरास देत असतील." मी हसून लोळले.

आता एक गंमत ऐक. आमच्या परसात एक जुना आड हाय. बहात्तरच्या दुष्काळात आटला तो आटलाच, आत थेंब न्हाई. त्याच्या काठावर साती आसरा, शेंदूर फासलेले सात दगड. पाण्यातल्या ह्या सात बहिणी तुला माहीत असतील, बायका त्यांना पुजतातही आणि भितातही. रोज दिवा लावायचं काम माझं. लग्नाला पाच वर्षं झाली, पाळणा हलला न्हाई, म्हणून जरा जास्त भक्तीनं लावायचा असा हुकूम हाय.

एकटीला कंटाळा येतो. मग मी सातींना नावं दिली. पहिली सुझान, फ्रान्सची, सेटच्या मधे ब्रँडीचा घोट घेणारी. दुसरी हेलन, जिंकली काय नि हरली काय, तोंडावरची रेघ हलायची न्हाई. तिसरी मॉरीन, चारी मोठ्या स्पर्धा एका वर्षात जिंकणारी पहिली बाई. चौथी मार्गारेट, मोठ्या स्पर्धांची चोवीस अजिंक्यपदं. पाचवी ख्रिस, सहावी तुझी लाडकी मार्टिना, आणि सातवी, सगळ्यात उंच, माझी स्टेफी. हे सगळं होस्टेलवर तूच शिकवलंस ना? अंबाजोगाईच्या त्या फुटक्या सिमेंटच्या कोर्टावर खेळून आल्यावर रात्र रात्र सुझान मोठी की मार्टिना, ह्यावर भांडायचो. आता मी एकटीच सातींपुढं बसून दोन्ही बाजूंनी भांडते.

लवकर लिही. हरलेल्यांनी लांब पत्र लिहायचं असतं.

तुझी रुद्राणी

•

औरंगाबाद
३ ऑगस्ट १९९२

मोहतरमा रुद्राणी,

मुबारक. एकदा काय जिंकली, गाव डोक्यावर घेतलंस.

दगडांना गोऱ्या बायकांची नावं दिलीस, सासूबाईंना कळलं तर त्या तुला आडात उलटी टांगतील. आणि यादी तरी नीट करायचीस. बिली जीनला कुणाला विचारून वगळलंस?

मी इथं कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करते, जुनी मासिकं माझ्याच ताब्यात. म्हणून सांगते, तुझी तुलनाच खोटी आहे. सुझानच्या हातात लाकडाची रॅकेट आणि अंगात पोटरीपर्यंतचा झगा. स्टेफीच्या हातात आजची हलकी रॅकेट. कसं मोजणार? तुझ्या सातींतल्या सुझान आणि हेलन आयुष्यात एकदाच समोरासमोर आल्या, १९२६ साली, फ्रान्समधल्या कान गावात. सुझान जिंकली, सहा-तीन, आठ-सहा. पण सुझान आणि स्टेफी? ही नुसती आपली बडबड. त्यांना एकदा एका मैदानावर आणून उभं करायला पाहिजे, मग कळेल कोण किती पाण्यात.

आणि माझी मागणी ऐक. मोनिकाला जागा पाहिजे. अठरा वर्षांची पोर जगात एक नंबर आहे, तिला दगड नाही, हा काय न्याय? मला डावखुऱ्यांचा कळवळा आहे, हे कबूल. चमचा डाव्या हातात दिसला की अम्मी बोटांवर मारायची. मार्टिना डावखुरी, मोनिका डावखुरी, त्या माझ्या बहिणी. तेव्हा आठवा दगड ठेव. ठेवल्याशिवाय मी तुझ्याशी बोलणार नाही.

दिलावरभाईचं गॅरेज बरं चाललंय. हाफिजाभाभी विचारते, रुद्राणीची काही गोड बातमी? मी म्हटलं, स्टेफी जिंकली, तीच तिची गोड बातमी.

अलमास

•

सिरसाळा
४ फेब्रुवारी १९९३

अलमास,

ऑस्ट्रेलियात परत तुझीच जिंकली. पहिला सेट माझ्या स्टेफीनं घेतला होता, तरी हरली. मी दोन दिवस जेवले न्हाई. ह्यांनी विचारलं, "कोण मेलं का?"

हस तू. पण इथं माझ्याकडं दुसरं हाय काय? कॉलेज अर्धं सोडून आले. रॅकेट माळ्यावर. आल्या-गेल्या बायका पोटाकडं बघतात आणि मग चहा घेतात. स्टेफी जिंकली की मला वाटतं आपलंही काहीतरी बरं चाललंय. ती हरली की सगळं घर अंगावर येतं.

तर काल संध्याकाळी रागाच्या भरात दिवा लावायला गेले आणि सातींपुढं फतकल मारून बसले. म्हटलं, बायांनो, पाच वर्षं तेल जाळतेय, पोर दिलं न्हाईत, राहू द्या. निदान माझ्या स्टेफीला तिचा एक नंबर परत द्या. दिलात तर मी तुमच्यात आठवी आणून बसवीन. घे! तुझा हट्टही ह्यातच भागवला. स्टेफी वर गेली की मोनिकाला दगड.

उठले तर मागं सासूबाई. म्हणाल्या, "काय बोललीस गं?" म्हटलं, काही न्हाई. त्या म्हणाल्या, "बोलली असशील तर ध्यानात ठेव. ह्या बाया शब्द इसरत न्हाईत."

त्यांचा चेहरा बघून मला जरा कसंतरी झालं. पण मग दूध उतू गेलं आणि त्या गडबडीत विसरले.

रुद्राणी

•

सिरसाळा
४ मे १९९३

अलमास,

पेपर वाचलास ना? ह्यांनी दुकानातून आणून दाखवला. मोनिकाला भोसकलं. जर्मनीत, सामना चालू असताना, मधल्या वेळात खुर्चीवर बसली होती. एकानं मागून येऊन पाठीत सुरी घातली. वाचलीय म्हणतात. देवा, वाचू दे.

पकडलेल्या माणसानं काय सांगितलं, तेही छापलंय. स्टेफीनं परत एक नंबर व्हावं म्हणून केलं म्हणाला.

अलमास, हे माझे शब्द हायेत. मी असंच म्हटलं होतं. कसा द्या ते सांगितलं न्हाई, नुसतं द्या म्हटलं.

ताबडतोब लिही.

रुद्राणी

•

औरंगाबाद
११ मे १९९३

रुद्रे,

डोकं ठिकाणावर आहे का? तो जर्मन माणूस सिरसाळ्याला आला होता का दिवा लावायला? वेडे जगात सगळीकडे असतात. तुझ्यासारखे लाखो लोक स्टेफीसाठी काय काय बोलले असतील. त्यातला एक हातात सुरी घेऊन उठला, हा गुन्हा त्याचा. तुझ्या आडाचा नाही आणि तुझाही नाही.

खरं सांगू? मला तुझा राग आला. मला मोनिकासाठी रडायचं होतं, तर तुझी समजूत काढत बसावं लागतंय. ती एकोणीस वर्षांची आहे. तुझी तिसरी, मॉरीन, घोड्यावर असताना ट्रकनं तिचा पाय चिरडला आणि खेळ संपला, तेव्हा तीही एकोणीसचीच होती. हे लिहायला नको होतं, पण आता लिहून झालं.

तू त्या दगडांपाशी काही दिवस जाऊ नकोस. सासूबाईंना सांग, कंबर दुखते.

अलमास

•

सिरसाळा
२५ जून १९९३

अलमास,

दोन गोष्टी सांगायच्यात. कुठली आधी सांगू कळत न्हाई.

स्टेफी पॅरिसला जिंकली आणि एक नंबरवर आली, ते तुला माहीतच हाय. मी टीव्ही बंद करून टाकला होता. बातम्यांत कळलं. मला आनंद झाला न्हाई गं, अंगावर काटा आला.

दुसरी गोष्ट. मला दिवस गेलेत. परळीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं. ह्यांनी सगळ्या आळीत पेढे वाटले. मी मागितलं एक आणि मिळालं दोन. सासूबाई रडल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आसरांनी ऐकलं पोरी. आता काय बोलली असशील ते देऊन टाक." मी मान हलवली. काय बोलले ते सांगायची हिंमत झाली न्हाई.

मी लई खूश हाय अलमास. आणि लई भ्यालेय. दोन्ही एकाच वेळी असतं का कधी?

रुद्राणी

•

सिरसाळा
२ एप्रिल १९९४

अलमास,

मुलगी झाली हे तारेनं कळवलं होतंच. नाव प्रणिता ठेवलं. हाताच्या मुठी एवढ्या घट्ट की उघडता येत न्हाईत. सव्वा महिना झाला, मग रिवाजाप्रमाणं आडाची पूजा करायला गेले. बाळंतिणीनं जायचंच असतं. आटला असला तरी आसरांचा आड तो.

मी तयारीनं गेले होते. नदीतला एक गुळगुळीत गोटा मागवून ठेवला होता. त्याला शेंदूर लावला, खण वाहिला आणि स्टेफीच्या शेजारी ठेवला. म्हटलं, ही मोनिका. बोलल्याप्रमाणं आणली. आता आपला हिशोब मिटला.

सकाळी बघते तर गोटा आडाच्या तळाशी. परत काढून आणला, परत ठेवला. परत तळाशी. मग ह्यांच्याकडून सिमेंटमध्ये बसवून घेतला. सकाळी सिमेंट तसंच ओलं नि गोटा खाली.

शेवटी सासूबाईंना सगळं सांगितलं. स्टेफी कोण, मोनिका कोण, सगळं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "अगं येडे, आसरा सातच असत्यात. आठवी कुणी कधी बोलतं का? बोलल्यावर त्या दगड कावून घेतील? त्यांच्यापाशी दगड हायेत." आणि पाळण्याकडं बघून त्यांनी पदर तोंडात धरला.

मी प्रणिताला घेऊन माहेरी निघालेय, लिंबागणेशला. तिकडच्या पत्त्यावर लिही.

रुद्राणी

•

औरंगाबाद
१५ एप्रिल १९९४

रुद्रे,

पोरीच्या मुठींना माझ्या डाव्या हाताचा सलाम सांग. घट्ट मूठ म्हणजे ग्रिप चांगली.

गोट्याचं म्हणशील तर परसात कुत्री-मांजरं कमी आहेत का? ओलं सिमेंट उकरायला एक घूस पुरे. सासूबाई जुन्या वळणाच्या, त्यांना तसंच वाटणार. पण तू तरी अंबाजोगाईला तर्कशास्त्रात पास झाली होतीस ना? काठावर का होईना.

एक विचारते, रागावू नकोस. तू पहिल्यांदा बोललीस तेव्हा आठवी कोण, ते नाव घेऊन सांगितलं होतंस का? की नुसतं आठवी म्हणालीस? मला उगाच एक दिवस झोप लागली नाही म्हणून विचारते. जाऊ दे. माहेरी राहा, खा, पोरीला तेल लाव.

अलमास

•

सिरसाळा
१८ जून १९९५

अलमास,

तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं न्हाई. नाव घेतलं नव्हतं.

वर्ष बरं गेलं म्हणून गप्प राहिले. माहेराहून परत आले, प्रणिता चालायला लागली. अजून बोलत न्हाई, पण हसते लई. आता जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते. तू घूस म्हण, मांजर म्हण, काय म्हणायचं ते म्हण.

माळ्यावरचं सामान काढताना आपला जुना टेनिसचा बॉल सापडला. प्रणिताला खेळायला दिला. भर दुपारची वेळ, मी परसात वाळवण राखत बसले होते. पोरगी आडाच्या कट्ट्यापाशी गेली, मी हाक मारेपर्यंत तिनं बॉल आत टाकला. मी धावले. आणि बॉल परत आला.

वर आला अलमास. कट्ट्यावरून येऊन तिच्या पायाशी टप्पा पडला. तिनं उचलला, हसली, परत टाकला. परत आला. मी जागच्या जागी उभी. तिनं टाकायचा, आतून यायचा, हळू, लहान मुलाला झेपेल असा. मी तिला उचललं तेव्हा ती आडाकडं हात करून रडत होती. बॉल हातात घेतला तर चिंब ओला. बावीस-तेवीस वर्षं त्या आडात पाणी न्हाई.

ह्यांनी दुसऱ्या दिवशी आडावर जड पत्रा टाकला. आता दुपारी पत्र्याला खालून बॉल लागतो. टप. टप. तो बॉल मी चुलीत जाळलाय. ह्यांनाही ऐकू येतं, पण ते म्हणतात पत्रा तापतो म्हणून वाजतो.

मधे प्रणिताला घेऊन परत लिंबागणेशला जाऊन आले. वडिलांच्या शेतातली विहीर अर्ध्या मैलावर, तरी पोरगी तिकडंच चालत निघाली. काठावर पोचायच्या आत वडिलांनी उचलली. तिच्या हातात ओला बॉल होता. कुणी दिला? सासूबाई म्हणतात, पाणी सगळं एकच, कुठं पळशील?

माझी पोर वाचव गं. मला दुसरं कुणी न्हाई विचारायला.

रुद्राणी

•

औरंगाबाद
२६ जून १९९५

रुद्रे,

घूस म्हणणार नाही.

ऑगस्टमध्ये मला रजा मिळते, तेव्हा येते. तोवर पोरीला कमरेला बांधून ठेव, लाज वाटून घेऊ नकोस. मोनिकाही आता परत खेळणार आहे म्हणे, दोन वर्षांच्या खंडानंतर. मी तिकडे असेपर्यंत तिचा सामना लागला तर तुझ्या छत्रीवर बघू. माझी जुनी रॅकेट सोबत आणते. का, ते विचारू नकोस. रिकाम्या हातानं यायला बरं वाटत नाही, एवढंच.

अलमास

•

सिरसाळा
१५ सप्टेंबर १९९५

माझ्या अलमास,

तू गेल्यापासून रोज लिहीन म्हणते, पण घरात एवढी शांतता हाय की नुसती बसून राहते. तू गेलीस त्या दुपारपासून पत्रा वाजला न्हाई. एकदाही न्हाई. मी स्वतः पत्रा काढून आत वाकून बघितलं. कोरडा, पाचोळा पडलेला आड. प्रणिता जवळून गेली तरी तिकडं बघत न्हाई. आणि काल बोलली! आधी "आई" न्हाई म्हणाली, चोरटी, "मावशी" म्हणाली. सासूबाईंनी तुझी दृष्ट काढावी तशी कडकडा बोटं मोडली.

आणि तुझी चोरी मला कळलीय बरं का. दिवा लावायला गेले तर आठ दगड. जाताजाता गुपचूप मोनिकाचा दगड ठेवून गेलीस ना? काळा, लांबट, स्टेफीच्या डाव्या बाजूला. आणि ह्या वेळी तो जागेवर राहिला! मी ठेवला तर फेकला, तू ठेवला तर चालला. डावखुऱ्यांच्या हातात काही जादू असते बाई. मी त्याला शेंदूर लावला.

परवा अमेरिकेतली फायनल बघितलीस? आपल्या दोघींच्या दोघी समोरासमोर. मोनिका मधला सेट सहा-शून्यानं जिंकली तेव्हा मी, ही रुद्राणी, टाळ्या वाजवत होते. शेवटी स्टेफी जिंकली तेव्हाही वाजवल्या. आता मला वाटतं कुणीच हरू नये.

पोचल्याचं पत्र अजून आलं न्हाई तुझं. त्या दिवशी दुपारी तू एकटीच रॅकेट घेऊन आडाकडं गेलीस आणि आल्यावर तुझे केस ओले होते. मी विचारलं तर म्हणालीस घाम. काय केलंस, काय बोललीस तिथं? आता सगळं बरं झालंय, आता तरी सांग.

तुझीच,
रुद्राणी

•

औरंगाबाद
४ ऑक्टोबर १९९५

रुद्रे,

दगड मी ठेवला नाही.

बस खाली, आणि पूर्ण वाचल्याशिवाय रडू नकोस. त्या दुपारी मी पत्रा थोडा सरकवला आणि त्यांना म्हटलं, आठवी आठवी करता ना? आठवीचा हट्ट मुळात माझा. रुद्राणी माझ्यासाठी बोलली. दीड वर्षाच्या पोरीशी काय खेळता, तिला सर्व्हिससुद्धा येत नाही. मी येते, मी खेळलेली आहे. मग आतून बॉल आला आणि मी परतवला. पुष्कळ वेळ खेळलो. त्या खूश झाल्या असाव्यात, कारण शेवटी आतून हसल्याचा आवाज आला. आपण होस्टेलवर हसायचो ना, उशीत तोंड खुपसून, तसा.

तेव्हा ती काळी, ती आठवी, मी आहे. शेंदूर लावलास हे बरं केलंस.

इथं आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. रोज दुपारी मी लायब्ररीतून जेवायला घरी येते, तेव्हा टाकीमागून बॉल येतो. ओला. मी खेळते. हाफिजाभाभीला वाटतं, मी भिंतीवर मारत असते. ती म्हणते, तुझ्या कपड्यांना विहिरीचा वास येतो.

ऐक, आपलं भांडण मिटलं. थोर कोण, ते आता मला कळलंय. त्या काही खऱ्या सुझान किंवा हेलन नाहीत, ते मला समजतं. त्यातल्या पाचजणी तर अजून खेळताहेत किंवा घरी बसून चहा पिताहेत. पण आपण जी नावं दिली ती ह्यांनी घेतली, आणि ज्या गोष्टी मी होस्टेलवर सांगायचे आणि तू आडावर बसून बोलायचीस, त्या सगळ्या शिकून घेतल्या. एकीचा आवाजच येत नाही, ती हेलन. एक सारखी पुढे धावून येते, ती मार्टिना, तिच्याशी खेळताना हात भरून येतात. ख्रिसचा बॉल संपतच नाही. स्टेफी जोरात आहे, तुझं म्हणणं मान्य. पण सगळ्यांत मोठी मॉरीन. ती दर बॉल असा परतवते, जणू म्हणते, हा शेवटचा नसू दे. तिच्याशी खेळताना मला रडू येतं.

भीती वाटते का विचारशील. वाटते, खूप वाटते. गच्चीचा कठडा कमरेएवढाच आहे, आणि बॉल रोज कठड्याच्या थोडा आणखी जवळ पडतो. काल तर वाकून घ्यावा लागला. दिलावरभाईला सांगून कठडा वाढवून घेता येईल. पण मग मी गेले नाही तर त्या कुणाकडे जातील, ते तुला माहीत आहे. म्हणून सांगितलं नाही. आणि तू इकडे यायचं नाहीस, पोरीला घेऊन तर मुळीच नाही. तुला माझी शपथ आहे.

माझ्यासाठी वाईट वाटून घेऊ नकोस. अंबाजोगाई सुटल्यापासून माझ्याशी कुणी मनापासून खेळलं नव्हतं. लायब्ररीत मी पुस्तकं लावते, घरी भांडी. दुपारचा तो अर्धा तास माझा आहे, आणि मी वाईट खेळत नाही.

प्रणिताला उजवा-डावा कुठलाही हात वापरू दे, मारू नकोस. आणि मला पत्र लिहीत राहा, रुद्रे. आधी मोठी मोठी, मग वेळ मिळेल तशी. माझं उत्तर यायचं थांबलं, तरी लिहीत राहा.

तुझी अलमास